दोघांनी बघितलेल्या गोगलगायी

दिवाळी सरली, फराळाचे डबे तळाला गेले, की भाईचा फोन येतो. "बाय, पाणी निवळलं गो," एवढंच तो सांगतो, पण इतक्या मोठ्याने की प्रयोगशाळेत पलीकडच्या टेबलावर काचपट्ट्या पुसणारी मुलगी मान वर करून बघते. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. तो हल्ली फोनवर ओरडूनच बोलतो. आपल्याला कमी ऐकू येतं म्हणजे समोरच्यालाही कमी येत असणार, असा त्याचा सरळ हिशेब आहे. यंदाही फोन आला, मी "येते" म्हटलं, आणि त्यानंतर बराच वेळ हातातलं काम पुढे गेलं नाही.

पावसाळ्यात आमचा रत्नागिरीचा समुद्र बघवत नाही. नद्या डोंगराची तांबडी माती आणून ओततात आणि भाट्याच्या खाडीपासून दूरवर पाणी चहासारखं दिसतं. श्रावण, भाद्रपद असेच जातात. नवरात्रात लाटा जरा शहाण्या होतात, आणि कार्तिकात कधीतरी एका सकाळी मिऱ्याच्या बाजूला पाण्याला हिरवा रंग आलेला असतो. निवळलं म्हणायचं ते आमच्या मानाने. अंदमानला जाऊन आलेले लोक पाण्याखालचे फोटो दाखवतात, त्यात अर्धा फर्लांग पलीकडचा मासा दिसतो. आमच्याकडे स्वतःच्या पायाची बोटं दिसली तरी दिवस चांगला. पण गोगलगाय बघायला दूरची नजर लागत नाही. ती बोटभर लांब असते, कधी नखाएवढी, आणि खडकाला नाक लावल्याशिवाय सापडत नाही.

समुद्रातली ही गोगलगाय शंख घेत नाही. पाठ उघडी, आणि त्या उघड्या पाठीवर रंग असे की कुणी मुद्दाम बसून भरलेत. डोक्यावर दोन शिंगं, मागच्या बाजूला श्वासाच्या कल्ल्यांचं एक फूल. कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तिथल्या कपाटात फॉर्मलिनच्या बरणीत अशा दोन आहेत, मी नोकरीला लागले त्याच्याही आधीपासूनच्या. बरणीवर लॅटिन नाव स्वच्छ अक्षरात आहे आणि आत लसणीच्या सोललेल्या पाकळीसारखं काहीतरी पांढरं पडलंय. फॉर्मलिनमध्ये रंग टिकत नाही. मी वर्षानुवर्षं ती बरणी पुसून परत ठेवली, विद्यार्थ्यांना दाखवली, त्यांनी आकृत्या काढल्या, आणि हा प्राणी पांढरा असतो असंच माझंही मत होतं.

ते भाईने मोडलं. तो तेव्हा मच्छीमारांच्या ट्रॉलरवर पाणबुड्याचं काम करायचा. पंख्यात अडकलेलं जाळं कापायचं, बोटीच्या तळाचे शिंपले खरवडायचे, खडपात, म्हणजे बुडालेल्या खडकांत, रुतलेला नांगर सोडवायचा. हवेची टाकी वगैरे लाड नव्हते, वर बोटीत कॉम्प्रेसर धडधडतोय आणि त्याची नळी तोंडात धरून हा खाली. एकदा जेवायला आला होता, बरणीचा विषय कसा निघाला आठवत नाही, तर म्हणाला, "पांढरी कुठली? मी बघितलीय ती जांभळी. कडेला पिवळी पट्टी आणि शिंगं लाल, कुंकवासारखी."

मिऱ्याच्या पलीकडे पाण्याखाली एक खडप आहे. त्यात अडकलेला नांगर सोडवताना बॅटरीच्या उजेडात त्याला ती दिसली होती. नांगर सुटला, वरून दोरी ओढली गेली, गाळ उठला आणि संपलं. घरात कुणी त्याचं खरं धरलं नाही. वहिनी म्हणाली, "कुणाच्या साडीचा तुकडा असंल." भाई चिडला नाही. पाणबुड्यांच्या धंद्यात एक रीत आहे. एकट्याने खाली जाऊन सांगितलेलं ट्रॉलरचा मालक मानत नाही. पंख्याचं पातं चिरलंय असं एकाने सांगितलं, तर दुसरा उतरतो, तोही हात लावून बघतो, मग वर येऊन दोघं म्हणतात, दोघांनी बघितलं. तेव्हा ते खरं. भाईची जांभळी एकट्याने बघितलेली होती, आणि त्यामुळे खुद्द भाईच्या लेखीही ती मोजायची नव्हती.

म्हणून मग दुसरं माणूस हवं होतं. ती मी झाले. पुढे गणपतीपुळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना टाकी लावून पाण्याखाली नेणाऱ्या बोटीवर तो कामाला लागला, तेव्हा त्याने मला रीतसर शिकायला लावलं. माझी चाळिशी उलटली होती. वहिनीने सगळ्या नातेवाइकांत सांगून टाकलं की ह्या वयात लोक काशीला जातात, आमची वन्सं समुद्राच्या तळाला निघाली. पहिल्या दिवशी मी खरोखरच भ्याले होते. श्वासाचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. भाईने मनगट धरलं आणि मी शांत होईपर्यंत सोडलं नाही. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे तिथे तो माझ्याशी जितका नीट बोलला तितका जमिनीवर कधी बोलला नसेल. हाताच्या खुणांनी. थांब. श्वास घे. नाक दाबून कानात फुंक. हे बघ.

आणि दोन बोटं कपाळापाशी शिंगांसारखी उभी धरली, की गोगलगाय.

मला जो हंगाम आज आठवतोय तो ह्या सगळ्यानंतरचा, काही वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी पाणी लवकर निवळलं आणि वाराही पडलेला होता. सुटीच्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आत भाई बोट काढायचा, बोटीवरच्या पोराच्या हाती वल्हं देऊन आम्ही दोघं दोरीच्या आधाराने खाली. आधी बर्फी, म्हणजे पांढऱ्या पाठीवर काळी वर्तुळं असलेली. मग नारळीभात, केशरी. एक अगदी हिरवी, शेवाळावर बसली की पानच. पुस्तकात ह्यांना नावं आहेत, घरी येऊन मी ती शोधून ठेवायची, पण मराठीत त्यांना कुणी हाक मारलेली नाही. म्हणून आम्हीच ठेवायचो, बहुतेक खाण्यापिण्याची, कारण वर येईपर्यंत सपाटून भूक लागलेली असायची.

ओळखायचं कसं तेही हळूहळू कळलं. गोगलगाय शोधायची नसते, तिचं खाणं शोधायचं असतं. खडकावर विशिष्ट रंगाचा स्पंज दिसला की तिथे थांबायचं. रिबिनीच्या गुंडाळीसारखी अंडी चिकटवलेली दिसली, की आई जवळपास असते. बॅटरी लावायला विसरायचं नाही, कारण खोल गेलं की पाणी आधी लाल रंग खातं. लाल शिंगं बॅटरीशिवाय काळी दिसतात. मग शिंगं बघायची, कल्ल्यांचं फूल बघायचं, कड बघायची. नुसत्या रंगावर जायचं नाही.

ह्या शेवटच्या गोष्टीवरून आमचं एकदा वाजलं. मार्गशीर्षातला दिवस होता. भाईने खडपाच्या कपारीतून जोरजोरात शिंगांची खूण केली. मी गेले. काळं मखमली अंग, नारिंगी कड, झालरीसारखं लहरत चाललेलं. इतकं देखणं की मी क्षणभर श्वास विसरले, जे पाण्याखाली करायचं नसतं. पण कल्ल्यांचं फूल नव्हतं आणि जाडी कागदाएवढी. ती चपटी अळी होती. ती गोगलगायीसारखी दिसते एवढंच, आणि नवखे लोक हमखास फसतात. वर आल्यावर मी सांगितलं. भाईचं तोंड उतरलं.

"मोज की गो," तो म्हणाला. "बघितली तर दोघांनी."

"दोघांनी अळी बघितली," मी म्हटलं.

"लय कडक हायस तू." मग त्याने टाकी खाली ठेवली आणि हसला. "बरणीवर चिठ्ठ्या लावून लावून अशी झालीस."

मला ते लागलं नाही. उलट बरं वाटलं. आईनंतर मला असं कुणी बोललेलं नव्हतं.

पौषात भाईला सर्दी झाली. सर्दीत उतरायचं नसतं, हे त्यानेच मला शिकवलेलं. नाक चोंदलं की कानातला दाब सुटत नाही. पण खडपाचा एक कोपरा राहिला होता, आणि त्याला वाटत होतं की जांभळी तिथेच असणार. मी वर बोटीत होते, टाकीचा पट्टा आवळत होते. तो आधी उतरला आणि थोड्याच वेळात वर आला. दोरी धरून तसाच राहिला, बोटीत चढेना. मास्क काढला तर आत रक्त. "बाय, बोट फिरतेय," म्हणाला. बोट अजिबात फिरत नव्हती, समुद्र ताटात ठेवल्यासारखा स्थिर होता.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बघितलं, मग कोल्हापूरला नेलं. उजवा कान गेला. कॉम्प्रेसरच्या नळीवर काढलेल्या वर्षांनी तो आधीच पोखरला होता, आता आतून फाटला आणि परत येणार नव्हता. डावाही पुरता शाबूत नाही, पण ऐकू येतं. डॉक्टरांनी शब्द मोजून सांगितलं. पुन्हा पाण्याखाली गेलात तर हाही जाईल. डोकंही बुडवायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही.

परत येताना हातखंब्याला चहाला थांबलो. हमरस्त्यावरून ट्रक धडधडत होते, कुठल्यातरी गाडीचा हॉर्न अडकून वाजतच होता. भाई बाकड्यावर आधी एका बाजूने बसला, मग उठून दुसऱ्या बाजूने बसला. परत उठला. टपरीवाला बघायला लागला.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"ह्या अंगान बसलं की हायवे बंद," तो म्हणाला. "त्या अंगान बसलं की चालू." आणि उजवा कान रस्त्याकडे करून त्याने चहा प्यायला. मी माझा कप, कढत आहे असं सांगून, तसाच खाली ठेवला.

घरी वहिनी दारातच उभी होती. "काय सांगितलान डॉक्टरान?" मी सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एक कान माझ्यासाठी ठेवायचा. मी काय बोलते ते कोण ऐकणार मग?"

"ते ऐकायला कशाला ठेवायचा?" भाई म्हणाला. ती हसली, मग आत गेली, आणि बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

थोड्या दिवसांत भाईचं चालणं सरळ झालं आणि त्याच्या डोक्यात पुन्हा तेच आलं. सकाळी उठून मिऱ्याच्या बंधाऱ्यावर जायचा, पाण्याचा रंग बघायचा. गोड्या पाण्याने धुऊन ठेवलेला पाणबुड्याचा सूट पुन्हा धुऊन वाळत घातलेला मला दिसला. मी विचारलं तेव्हा सरळच बोलला. "एकदाच. तो कोपरा बघायचा, तुला दाखवायची, आणि मग संपलं. पुढच्या वर्षी खडप राहतो का नाय कोण जाणे, बंधाऱ्याचे दगड टाकतायत तिकडं."

त्याचं म्हणणं मला कळत होतं, हीच अडचण होती. माणसाने उभं आयुष्य पाण्याखाली काढलं, तिथलं जे काही सुंदर बघितलं ते एकट्याने बघितलं, त्याला साक्षीदार नाही. मला साक्षीदार व्हायचं होतं. पण त्याच्या कानात हाक पोहोचणार नाही असा दिवस मला नको होता. आमच्या आईने आम्हाला हाका मारूनच वाढवलं, खडकावरून, उतरणीवरून, अंधार पडल्यावर. तिची हाक आता फक्त आम्हा दोघांच्या कानात आहे. त्यातला अर्धा वाटा बंद व्हायला निघाला होता.

"मी येणार नाही," मी म्हटलं.

"मग मी एकटा जातो."

"जा. एकट्याने बघितलेलं मोजायचं नाही. तुझीच रीत आहे."

भाई वाळत घातलेला सूट काढून आत घेऊन गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. भांडण नव्हतं, तो रागावलेलाही दिसत नव्हता. मी गेले की उजवी बाजू माझ्याकडे करून बसायचा. हायवे बंद. मी वहिनीशी बोलायची, डाळीला फोडणी घालायची, निघून यायची. घरी येऊन मला वाटायचं की कान वाचवता वाचवता मी भाऊ घालवला.

महाशिवरात्र झाली. त्यानंतरची अमावास्या गेली की आमच्याकडे सकाळची ओहोटी फार दूरवर जाते. एरवी बुडालेले खडक उघडे पडतात आणि बायका कोयते घेऊन खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढायला येतात. आई जायची. आरे-वारेच्या बाजूला खडकांत तिच्या ठरलेल्या जागा होत्या आणि लहानपणी मी तिच्या मागे टोपली घेऊन असायची. भाई कधी यायचा नाही. पोरगा मोठा झाला की त्याने बोटीवर जायचं, कडेचं काम बायकांचं. तो खोल पाण्याचा माणूस झाला आणि मी कडेची राहिले. आई गेल्यावर माझंही जाणं सुटलं होतं. त्या वर्षी का गेले ते नक्की सांगता येणार नाही. घरी बसवत नव्हतं, हे खरं.

कालवं थोडीच निघाली. हात सवय विसरले होते, एक बोट कापून घेतलं. ते धुवायला एका खळग्याशी वाकले. गुडघाभर पाणी, हललेलं नाही, तळाशी पिवळट स्पंजाचा थर. मी सवयीने थांबले. स्पंज दिसला की थांबायचं. आणि त्याच्या कडेने एक बोटभर जांभळं अंग सावकाश पुढे सरकत होतं. पिवळी कड. पाठीवर फूल उमललेलं.

इतकी वर्षं आम्ही टाक्या लावून खडपात शोधत होतो, आणि आई जिथे बसायची तिथून ती हाकेच्या अंतरावर होती. मी टोपली तिथेच टाकली. खडकांतून रस्त्यापर्यंत धावले, मोबाइलला रेंज आली तिथे उभी राहिले. भाईने उचलला नाही. वहिनीला लावला. "त्याला घेऊन ये," मी म्हटलं. "रिक्षाने ये. त्याचा मास्क आण, बॅटरी आण. आणि कापूस, खोबरेल." तिने का म्हणून विचारलं नाही.

भरती सुरू व्हायच्या आत ते पोहोचले. भाई खडकांतून चालताना जरा तोल सांभाळत होता. वहिनी किनाऱ्यावरच थांबली. खळग्याशी आल्यावर त्याने आधी पाण्याकडे, मग माझ्या फडकं बांधलेल्या बोटाकडे बघितलं.

"डबक्यात काय बघायचं गो," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी बोलला.

मी दोन बोटं कपाळापाशी धरली.

पाण्यावर आता आभाळ चमकत होतं, वरून नीट दिसत नव्हतं. मास्क लावून तोंड बुडवल्याशिवाय इलाज नव्हता. मी खोबरेलात भिजवलेला कापूस त्याच्या डाव्या कानात घातला, वर माझा तळहात घट्ट दाबून धरला आणि तो खडकावर पालथा झाला. त्याने श्वास रोखला आणि तोंड पाण्यात घातलं. मी दुसऱ्या हाताने बॅटरी धरली. त्याच्या कानाची पाळी थंडगार होती आणि तळव्याखाली त्याची नाडी लागत होती.

त्या वेळात त्याला काहीच ऐकू येणार नव्हतं. उजवा कान गेलेला आणि डावा माझ्या हाताखाली. मग मी बोलले. "तू वर राहिलास ते बरं झालं, भाई," मी म्हटलं. "मला फार भीती वाटली होती." आणखीही काही बोलले. मागे समुद्र वाजत होता.

पाण्यातून त्याचा हात वर आला. दोन बोटं, शिंगांसारखी.

त्याने तोंड वर काढलं, मास्क कपाळावर सरकवला. मी कानावरचा हात काढला नाही, आधी त्याचा चेहरा पुसला. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

"हीच ना?" मी हात काढून त्याच्या कानाशी मोठ्याने विचारलं.

त्याने मान हलवली. "नाय. शिंगं बघ. माझीवाली लाल व्हती. ही जांभळी हायत."

मी बॅटरी अगदी पाण्याला टेकवून वाकून बघितलं. जांभळीच होती. रंगावर जायचं नाही म्हणणारी मी नुसत्या रंगावर गेले होते, आणि त्याला खडकांतून एवढं चालवत आणलं होतं. "म्हणजे ती राहिलीच," मी म्हटलं.

"ऱ्हायली." तो पाण्याकडे बघत होता. जांभळी सावकाश स्पंजाच्या दुसऱ्या टोकाला निघाली होती. "ती मी एकट्यान बघितली. ती नाय मोजायची. ही दोघांनी बघितली. ही मोज."

पलीकडे खडकाच्या फटीतून पहिलं पाणी आत यायला लागलं होतं. भाईने मास्क पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग आपणहून डावा कान माझ्यापुढे केला, आणि मी त्यावर तळहात ठेवला.